पेन्सिल कोणाच्या हातात

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत कुठेतरी, बऱ्याचदा लायब्ररीतच, एक खोली असते. सात-आठ छोटी टेबलं, प्रत्येकाला दोन खुर्च्या, एक व्हाइटबोर्ड आणि टिश्यू पेपरचा खोका. दारावर ‘रायटिंग सेंटर’ लिहिलेलं असतं. विद्यार्थी आपला निबंध घेऊन येतो आणि दुसरा विद्यार्थी त्याच्या शेजारी बसून त्या निबंधाबद्दल बोलतो. तपासत नाही, मार्क देत नाही, दुरुस्तही करून देत नाही, नुसता बोलतो. आमच्याकडे एक सेशन पन्नास मिनिटांचं होतं. कामाचे तासावर पैसे मिळतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, त्यामुळे डायनिंग हॉलमधले ट्रे उचलण्यापेक्षा हे काम पुष्कळांना बरं वाटतं.

सांस्कृतिक सिद्धांताच्या, म्हणजे संस्कृती आणि सत्ता यांच्या तात्त्विक अभ्यासाच्या, एमएबरोबर मी हे काम चार सेमिस्टर केलं. सकाळी आल्थुसर हा फ्रेंच तत्त्वज्ञ, दुपारी कुणाचा तरी नर्सिंगचा रिपोर्ट. या दोन गोष्टी एकमेकींच्या वाटेत किती येतात, ते इथे जास्त लिहिते आहे. ज्यांना फक्त कामाची माहिती हवी आहे, त्यांनी अर्ध्यापर्यंत वाचलं तरी पुरे.

निवडीसाठी तीन गोष्टी लागल्या: एका प्राध्यापकाची शिफारस, स्वतःचा आठ-दहा पानांचा निबंध आणि मुलाखत. मुलाखतीत एक अनोळखी ड्राफ्ट वाचायला देतात आणि विचारतात, ‘हा लिहिणारा समोर आला तर पहिला प्रश्न काय विचारशील?’ आपल्याकडून गेलेली मुलं इथे हमखास चुकांची यादी वाचून दाखवतात. व्याकरण पक्कं असणं ही त्यांच्या लेखी पात्रता असते, सेंटरच्या लेखी ती जोखीम असते. निवड झाल्यावर एक सेमिस्टर प्रशिक्षणाचा वर्ग, त्यात जुन्या ट्यूटरांची चार-पाच सेशन्स कोपऱ्यात बसून बघायची, आणि एकदा आपला स्वतःचा अर्धवट ड्राफ्ट घेऊन ग्राहक म्हणून जायचं. ही शेवटची अट कोणी चुकवू नये. आपलं कच्चं लिखाण दुसऱ्यासमोर मोठ्याने वाचलं जाताना कानशिलं गरम होतात, ती कशी होतात हे एकदा कळलं की पुढे समोरच्याशी बोलताना जीभ आपोआप सांभाळली जाते.

आता प्रत्यक्ष सेशन. बसायचं शेजारी, समोर नाही. समोर बसलं की मध्ये टेबल येतं आणि टेबल आलं की मुलाखत सुरू होते. कागद किंवा लॅपटॉप लिहिणाऱ्याच्या पुढ्यात, कीबोर्ड त्याच्या हाताखाली, पेन्सिल त्याच्या हातात. पहिली पाच मिनिटं तीन प्रश्नांना: असाइनमेंटचा कागद कुठे आहे, कधी द्यायचं आहे, आणि तुला स्वतःला कुठे खटकतंय. असाइनमेंटचा कागद बघितल्याशिवाय ड्राफ्टला हात लावू नये. त्यातलं क्रियापद शोधायचं. ‘अ‍ॅनलाइझ’ म्हटलेलं असताना सिनेमाची गोष्ट सांगून मोकळं होणं हा मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेला घोटाळा, आणि तो सुंदर वाक्यांनी झाकला जात नाही.

मग मोठ्याने वाचन. याचं गणित आधी मनात करावं लागतं. डबल स्पेसमध्ये बारा पॉइंटात एका पानावर साधारण २७५ शब्द बसतात. पाच पानं म्हणजे चौदाशेच्या आसपास. मिनिटाला १४० शब्दांच्या वेगाने दहा मिनिटं, थांबत-बोलत वाचलं तर पंधरा. बारा पानांचा निबंध न थांबता वाचायलाच चोवीस मिनिटं लागतात, म्हणजे निम्मं सेशन नुसत्या वाचनात संपतं. तेव्हा मोठा निबंध असेल तर पहिलं पान, मधला एक परिच्छेद आणि शेवटचं अर्धं पान एवढंच वाचायचं, आणि मधला परिच्छेद निवडायचा तो लिहिणाऱ्याने, त्याला जो सगळ्यात वाईट वाटतो तो. वाचायचं कोणी? पुस्तकं सांगतात लिहिणाऱ्याने. पण ज्याची इंग्रजी नंतर शिकलेली आहे, त्याचं सगळं लक्ष उच्चारांत जातं, अर्थ कानावरून निघून जातो. अशा वेळी ट्यूटरने वाचावं आणि लिहिणाऱ्याने, ट्यूटर कुठे अडखळतोय तिथे खूण करावी. ट्यूटरने अडखळणं लपवायचं नाही, तीच तर माहिती असते.

वाचून झाल्यावर आधी मोठं, मग बारीक. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे का, मुख्य दावा कुठल्या वाक्यात आहे, परिच्छेदांचा क्रम, पुरावा, आणि मग वाक्यं. उलटी रूपरेषा हे यातलं सगळ्यात कामाचं हत्यार. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात दोन छोट्या नोंदी: हा परिच्छेद काय म्हणतो, आणि निबंधात काय काम करतो. दोन्ही सहा-सात शब्दांत. ‘म्हणतो’ची नोंद सगळ्यांना जमते, ‘करतो’पाशी गाडी अडते. तीन परिच्छेदांसमोर ‘आणखी एक उदाहरण देतो’ असं आलं की निबंध कुठे रुतलाय ते लिहिणाऱ्याला स्वतःच दिसतं, ट्यूटरला तोंड उघडावं लागत नाही. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायची. पुढे करायच्या दोन किंवा तीन गोष्टी लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायच्या. पाच लिहिल्या तर एकही होत नाही. तो गेल्यावर शंभरेक शब्दांची नोंद सिस्टिममध्ये टाकायची. तीत मत नाही, मार्कांचा अंदाज नाही, आणि विद्यार्थ्याने हो म्हटल्याशिवाय ती प्राध्यापकाकडे जात नाही.

‘फक्त ग्रामर बघ’ असं दहातले सात जण म्हणतात. नकार देऊ नये. लोकांना दुरुस्तीसाठी हा एकच शब्द माहीत असतो, म्हणून ते तो वापरतात. ‘बघू, पण वाचताना आणखी काही दिसलं तर सांगू का?’ एवढं विचारलं की दार उघडतं. आणि ग्रामर बघायचंच झालं तर एका सेशनमध्ये एकाच जातीची चूक घ्यायची. मराठी मुलांच्या बाबतीत ती बहुधा आर्टिकलची. पहिल्यांदा आलेल्या नामाला ‘अ’ आणि पुन्हा आलं की ‘दि’ हे आपल्याला पटकन समजतं, कारण ‘एक मुलगा आला, त्या मुलाने’ हा जोड आपल्याकडे आहेच. अडचण येते ती भाववाचक नामांपाशी. आपली मुलं ‘दि सोसायटी’, ‘दि कल्चर’, ‘दि कॅपिटलिझम’ लिहितात, आणि सिद्धांताच्या निबंधात असली नामं ओळीला दोन असतात. इतर विषयांत पानाला पाच चुका करणारा मुलगा इथे पंधरा करतो आणि आपलं इंग्रजी अचानक बिघडलं असं समजतो. सर्वसाधारण अर्थाने बोलताना ‘दि’ गाळायचं, पुढे ‘ऑफ’ लागून ते नाम बांधलं गेलं तर बहुधा ठेवायचं. एवढ्या एका नियमाने निम्मी लाल शाई जाते.

बाकी जे बिघडतं ते बहुधा ट्यूटरमुळे. प्रश्न विचारून तीन सेकंदांत स्वतःच उत्तर देणं. यावर उपाय म्हणजे मनात दहापर्यंत मोजणं. सात-आठला समोरचा बोलतो. प्रश्नाच्या वेशातली सूचना: ‘तुला असं वाटत नाही का की दावा आधी यायला हवा?’ याला फक्त ‘हो’ म्हणता येतं. ‘छान झालंय’ म्हणणं, ज्यावर समोरचा लॅपटॉप मिटतो. आणि विषय माहीत असणं. फुको या फ्रेंच विचारवंतावरचा निबंध समोर आला की सिद्धांत शिकणाऱ्या ट्यूटरच्या अंगात येतं, वीस मिनिटं व्याख्यान होतं, आणि विद्यार्थी त्या व्याख्यानाचे मुद्दे लिहून घेऊन ‘थँक यू सो मच’ म्हणत निघून जातो. सेशनला पाचपैकी पाच तारे मिळतात. पुढच्या आठवड्यात तोच निबंध जसाच्या तसा परत येतो, फक्त मध्ये आपली वाक्यं चिकटवलेली असतात. म्हणून पहिल्या ड्राफ्टला विषय न जाणणारा ट्यूटर चांगला. त्याला खरंच समजत नसतं, त्यामुळे त्याचे प्रश्न खरे असतात. शेवटच्या ड्राफ्टला मात्र विषय जाणणारा हवा, कारण चुकीचा समजलेला फुको बाकीच्यांना ओळखू येत नाही.

सिद्धांताच्या निबंधांत आणखी एक दुखणं फार दिसतं. मूळ वाक्य घ्यायचं, त्यातले तीन-चार शब्द बदलायचे, क्रम थोडा हलवायचा आणि स्वतःचं म्हणून लिहायचं. नियमात ही वाङ्मयचौर्याची केस होऊ शकते. पण कारण लबाडीचं क्वचितच असतं, मुळात वाक्य समजलेलंच नसतं. न समजलेलं वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगताच येत नाही, त्याच्या आसपास घुटमळता तेवढं येतं. उपाय असा: पुस्तक बंद, लॅपटॉप बंद, फोनवर रेकॉर्डिंग चालू, आणि ‘हे तुझ्या रूममेटला सांग’ म्हणायचं. दीड मिनिट बोलणं होतं. मग ते रेकॉर्डिंग ऐकून लिहायचं, आणि सगळ्यात शेवटी पुस्तक उघडून पडताळायचं. क्रम उलटा केला, म्हणजे पुस्तक आधी उघडलं, तर उपाय लागू पडत नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर तुळतुळीत ड्राफ्टही येऊ लागले. तिथेही हाच उपाय चालतो. आरोप करायचा नाही, एका वाक्यावर बोट ठेवून ‘हे मला सांग’ म्हणायचं.

इथपर्यंतचं सगळं प्रशिक्षणाच्या वर्गात शिकवतात. पेन्सिलीचा नियम मात्र थोडा उकरून बघावा असा आहे.

न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने १९७० मध्ये शहरातल्या हायस्कूल पास झालेल्या सगळ्यांना दारं उघडली. काळी, पोर्टोरिकन, कामगारांच्या घरची, इंग्रजीची वेगळी बोली बोलणारी मुलं मोठ्या संख्येने आली. त्यांच्यासाठी व्यावसायिक शिक्षकांची मदत ठेवली, तर मुलं ती घेईनात. ब्रुकलिन कॉलेजचे केनेथ ब्रफी यांनी त्याचं कारण असं मांडलं की ही मदत म्हणजे त्याच वर्गाचं शेपूट होतं, आणि वर्गाच्या त्या उतरंडीलाच मुलं बिचकत होती. बरोबरीच्या मुलांनी शिकवायला घेतलं तर मुलं आली. सहाध्यायी ट्यूटर या कल्पनेमागचं बळ ते. १९८४ मध्ये रायटिंग सेंटरचे अभ्यासक स्टीफन नॉर्थ यांनी सांगितलं की सेंटरचं काम निबंध सुधारणं नाही, लिहिणारा सुधारणं आहे. १९९१ मध्ये जेफ ब्रुक्स यांनी याचं तंत्र बनवलं: शेजारी बसा, कागद त्याच्याजवळ ठेवा, पेन्सिल हातात घेऊ नका. आलेल्या विद्यार्थ्याने फारच आळशीपणा केला तर तुम्हीही खुर्ची मागे सरकवून रेलून बसा, असंसुद्धा त्यांनी लिहिलंय. मूळ हेतू चांगला होता: आपलं लिखाण आपल्या मालकीचं राहावं.

त्याच प्रशिक्षणात एक चित्र दाखवतात. रॉबर्ट कॅप्लन यांच्या १९६६ च्या लेखातलं. जगातल्या लोकांची परिच्छेद लिहिण्याची वळणं त्यात रेघोट्यांनी काढली आहेत: इंग्रजीची सरळ खाली जाणारी रेघ, आणि ‘ओरिएंटल’ची, म्हणजे पूर्वेकडच्यांची, आत आत गिरक्या घेत जाणारी. आपण तेव्हा मान डोलावतो, कारण चित्र ओळखीचं वाटतं. शाळेत निबंध कवितेच्या ओळीने सुरू करायचा, मग पार्श्वभूमी, मग महत्त्व, आणि आपलं म्हणणं शेवटच्या पानावर, हे आपण केलेलंच असतं. अमेरिकन प्राध्यापकाला दावा पहिल्या पानात लागतो, तो न मिळाल्याने आपल्या मुलांचे मार्क जातात, हेही खरं. पण त्याच सेमिस्टरला दुसऱ्या वर्गात एडवर्ड सईद वाचायला असतात, ज्यांनी ‘ओरिएंट’ ही पाश्चात्त्यांनीच रचलेली कल्पना आहे असं दाखवलं. मग ती गिरकी वेगळी दिसायला लागते. चीन आणि कोरिया दोघांना मिळून एकच रेघोटी कशी? सरळ रेघ नेमकी काढणाऱ्याच्याच भाषेची कशी? आणि मराठी निबंधाची गिरकी ही मनाची घडण, की दहावीच्या पेपरात ‘प्रस्तावना’ला वेगळे गुण मिळतात या समजुतीतून लागलेली सवय? सवय असेल तर ती एका दुपारी बदलता येते, मनाची घडण म्हटलं की हात टेकावे लागतात. सेशनमध्ये मी एवढंच करायचे: दावा असलेलं वाक्य शेवटच्या पानावरून उचलून पहिल्यावर ठेवून बघ, आणि काय तुटतं ते सांग. मुलं ते करतात. त्यांचं काही तुटत नाही.

पेन्सिलीच्या नियमाला लागू पडणारी टीका शिक्षणाच्या क्षेत्रात आधीच झाली होती. लिसा डेल्पिट यांनी १९८८ मध्ये लिहिलं की सत्तेच्या संस्कृतीचे काही नियम असतात, ज्यांच्या घरात ते आहेत त्यांना ते दिसत नाहीत, आणि बाहेरून आलेल्याला ते स्पष्ट सांगितले तर त्याचं काम सोपं होतं. त्यांचं उदाहरण बोलण्याच्या ढबीचं आहे. मध्यमवर्गी गोऱ्या घरातली बाई मुलाला ‘आता आंघोळीला जायचं का?’ असं विचारते आणि मुलाला ती आज्ञा आहे हे कळतं. ज्या घरात सरळ ‘आंघोळीला जा’ म्हणतात, तिथल्या मुलाला तो प्रश्नच वाटतो. रायटिंग सेंटरची सगळी भाषा अशीच ‘जायचं का?’ची असते. ‘इथे एखादं उदाहरण दिलं तर कसं वाटेल?’ मराठी, तमिळ, चिनी मुलगा प्रामाणिकपणे सांगतो, ‘नको, ठीक आहे’, आणि पुढे जातो. त्याने आज्ञा मोडलेली नसते, ती त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. पन्नास मिनिटांत अशा आठ सूचना हवेत विरतात आणि नोंदीत लिहिलं जातं, ‘विद्यार्थी बदलांना तयार नव्हता.’

१९९५ मध्ये लिंडा शामून आणि डेबोरा बर्न्स यांनी आणखी पुढे जाऊन विचारलं की संगीताच्या मास्टरक्लासमध्ये गुरू वाजवून दाखवतो, विद्यार्थी तसंच वाजवून बघतो, आणि त्याने विद्यार्थ्याची मालकी जात नाही; मग लिखाणातच का जाते? हे आपल्याला कोणी पटवून द्यावं लागत नाही. गाण्याच्या तालमीत गुरू एक जागा घेऊन दाखवतात, शिष्य ती पंचवीस वेळा घेतो. ‘तुला ही जागा कशी घ्यावीशी वाटते?’ असं पहिल्याच महिन्यात कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर शिष्य घाबरेल. अर्थात तालमीत उतरंडही आहे, आणि ब्रुकलिनची मुलं ज्याला बिचकली ती तीच. दोन्हींतलं एकच उचलता येत नाही.

व्यवहारात मी जी वाटणी केली ती अशी. जिथे संकेत आहे तिथे सरळ सांगायचं: संदर्भ कुठल्या पद्धतीने द्यायचे, साहित्यकृतीबद्दल वर्तमानकाळात लिहायचं, लॅब रिपोर्टमध्ये निष्कर्ष कुठे येतात. यावर ‘तुला काय वाटतं?’ विचारणं म्हणजे छळ आहे, कारण वाटण्याचा प्रश्नच नाही. जिथे दावा आहे, म्हणजे या सिनेमाबद्दल किंवा या पुस्तकाबद्दल तुझं म्हणणं काय, तिथे पेन्सिलीला अजिबात हात लावायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी. आणि मधल्या पट्ट्यात, म्हणजे वाक्याच्या घडणीत, तालीम: पहिलं वाक्य मी करून दाखवते, दुसरं दोघांनी, तिसरं तू, मी गप्प. पहिलं वाक्य मी वेगळ्या कागदावर लिहिते आणि कागद उलटा ठेवते, नाहीतर ते तसंच्या तसं निबंधात जातं.

आता उलट बाजू. सिद्धांत वाचायला मला सगळ्यात जास्त मदत त्या उलट्या रूपरेषेने केली. अवघड मजकूर तासाला सहा ते आठ पानांपेक्षा जास्त होत नाही. चाळीस पानांचं वाचन म्हणजे पाच-सहा तास, ते दोन दिवसांत तोडायचं. पहिल्यांदा नुसतं शेवटपर्यंत जायचं, न कळलेल्या जागी फुली मारून पुढे. दुसऱ्यांदा समासात ‘म्हणतो’ आणि ‘करतो’. यात पुष्कळ परिच्छेद लेखकाचे नसतातच हे कळतं. तो विरोधकाचं म्हणणं मांडत असतो, आणि नवखे तेच त्याचं मत म्हणून उद्धृत करतात. सेमिनारमधल्या निम्म्या चुका या एकाच जातीच्या असतात. तिसऱ्यांदा फक्त फुल्या. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये टीव्हीच्या प्रेक्षकांसाठी वाचनाच्या तीन जागा सांगितल्या: पाठवणाऱ्याच्या मनासारखं वाचणं, घासाघीस करत वाचणं आणि विरोधात वाचणं. सिद्धांताच्या बाबतीत हा क्रम पाळावा लागतो. पहिलं न करता थेट तिसऱ्यावर उडी मारणाऱ्यांचा निबंध ऐटदार आणि पोकळ होतो. (असाइनमेंटचा कागद विरोधात वाचू नये. तसं केलं की सी ग्रेड मिळते.)

मराठीत टिपणं काढणं हा दुसरा मोठा आधार. भाषांतर बरोबर असण्याशी त्याचा संबंध नाही. भाषांतर जिथे अडतं, तिथेच सिद्धांताची गाठ असते. इटालियन विचारवंत ग्राम्शीच्या ‘हेजिमनी’ला, म्हणजे लोकांच्या संमतीवर चालणाऱ्या सत्तेला, वर्चस्व लिहिलं की वाक्य चालतं, पण त्यातली संमती गळून पडते. मराठी अभ्यासक धुरीणत्व म्हणतात. त्यात जू आहे, पुढे चालणारा आहे आणि मागून येणारेही आहेत. ‘रिप्रेझेंटेशन’पाशी मराठी चक्क वरचढ ठरते. विधानसभेत कोणाच्या वतीने उभं राहणं ते प्रतिनिधित्व, आणि कादंबरीत कोणाला रंगवणं ते चित्रण. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून सिद्धांतकार गायत्री स्पिवाक यांना १९८८ च्या निबंधात मार्क्सच्या जर्मनमधले दोन शब्द काढून तो फरक दाखवावा लागला. त्या पानांवर माझ्या वर्गातले लोक अडले होते, आणि मराठीत टिपण काढलं की ती पानं सरळ वाचता येत होती. ‘सब्जेक्ट’चं उलटं. मराठीत विषय, कर्ता आणि प्रजा हे तीन वेगळे शब्द आहेत, आणि सिद्धांताची सगळी मजा कर्ता आणि प्रजा एकाच शब्दात कोंबले जाण्यात आहे. तिथे मराठीत दोन शब्द जोडून लिहायचे आणि जोड दिसू द्यायचा.

निबंधाचा नमुना म्हणून मी मराठीच काय, कुठल्याही विद्यार्थ्याला एकच मजकूर काढून द्यायचे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवाइझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचलेला भारतातल्या जातींवरचा पेपर. वाचणारा विद्यार्थी पंचवीस वर्षांचा होता, नाव भीमराव आंबेडकर. कोणीही ‘लिटरेचर रिव्ह्यू (आधीच्या अभ्यासाचा आढावा) कसा लिहू?’ असं विचारलं की त्यातली व्याख्यांची पानं उघडायची. सेनार, नेसफील्ड, रिझ्ले आणि केतकर, या जातीच्या चौघा अभ्यासकांच्या व्याख्या आधी जशाच्या तशा दिल्या आहेत. मग प्रत्येकीत काय कमी पडतं ते सांगितलं आहे. चौघांपैकी केतकरांना, म्हणजे आपल्या ज्ञानकोशकारांना, जास्त मान दिला आहे, कारण त्यांनी जात एकटी न बघता जातींच्या व्यवस्थेत बघितली. आणि तरी त्यांनी दिलेली दोन लक्षणं ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत हे दाखवलं आहे: गटाबाहेर लग्न बंद केलं की सभासदत्व जन्मापुरतं उरतंच. तिथून सजातीय विवाहाचा मुद्दा हातात घेऊन स्वतःचा दावा सुरू होतो. समासात ‘करतो’च्या नोंदी लिहायला याहून स्वच्छ पानं मला मिळाली नाहीत. आधी मांडतो, मग तोलतो, मग एकाचं मान्य करतो, मग त्यातलंच जास्तीचं काढून टाकतो, आणि मग स्वतः बोलतो. अमेरिकन मुलांना जातीबद्दल काही माहीत नसतं, तरी या पाच हालचाली त्यांना दिसतात.

राहता राहिली गोष्ट मराठी मुलगा किंवा मुलगी समोर येऊन बसते तेव्हाची. आल्थुसर यांचं १९७० च्या निबंधातलं उदाहरण प्रसिद्ध आहे: रस्त्यात पोलीस मागून हाक मारतो, माणूस वळतो, आणि त्या वळण्यातच तो व्यवस्थेचा ‘सब्जेक्ट’ होतो. इंग्रजी भाषांतरात ती हाक ‘हे, यू देअर’ आहे. मराठीत अशी हाक मारताच येत नाही. ‘ए’, ‘अरे’, ‘अहो’, ‘ओ साहेब’ यांतलं काहीतरी एक निवडावंच लागतं, आणि वळायच्या आधीच आपण कुठल्या पायरीवर आहोत ते ठरलेलं असतं. टेबलावर हेच होतं. इंग्रजीत दोघं ‘यू’ असतात. दोन मिनिटांत मराठी निघतं, दोन वाक्यं ‘तुम्ही’ची होतात आणि तिसऱ्यात मी ‘ताई’ झालेली असते. ताई झाले की सहाध्यायी उरत नाही. ताईने विचारलेला प्रश्न ही सूचना होते आणि सूचना हा हुकूम. ‘जायचं का?’ न पोहोचण्याची अडचण सुटते, पण आता मुलगी माझं प्रत्येक वाक्य लिहून घेते.

यावर मला पूर्ण तोडगा सापडला नाही. जे चाललं ते असं: मुद्दा काय आहे हे बोलताना मराठी, आणि बोलायचं तिने, मी फक्त ‘म्हणजे?’ विचारायचं. मराठीत दावा फार लवकर सापडतो. लिहायला घेतलं की इंग्रजी, म्हणजे ‘यू’ परत येतो. वेगळ्या कागदावरचं नमुन्याचं वाक्य अशा सेशनमध्ये टाळायचं. ताईच्या हातचं वाक्य कोणी उलटं ठेवलं तरी आठवणीतून उतरवतं. आणि सेशन संपल्यावरच्या नोंदीत भाषेचा रकाना नसतो, तेव्हा शेवटच्या ओळीत लिहायचं: पहिली पंचवीस मिनिटं मराठीत, दावा त्यातून निघाला, वाक्य तिचं.